परवाना असलेले, परवाना नसलेले

'परवाना' म्हटलं की मराठी माणसाला आधी आरटीओ आठवतो. गाडीचा परवाना, दुकानाचा परवाना, शस्त्राचा परवाना. थोडक्यात, एखादी गोष्ट करायची सरकारी मुभा. शमा-परवाना ही जोडी हिंदी गाण्यांमुळे आपल्या कानावर असते, पण रोजच्या बोलण्यात तो पतंग काही येत नाही, येतो तो कागदच.

म्हणून मेहता पब्लिशिंग हाऊसचं 'परवाना' नावाचं पुस्तक पहिल्यांदा हातात येतं तेव्हा जरा अडखळायला होतं. हे पुस्तक कागदाचं नाही, एका अफगाण मुलीचं आहे. तिच्या भाषेत परवाना म्हणजे पतंग, फुलपाखरू. गोष्टभर या मुलीकडे एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे परवाना. घराबाहेर पडायचा नाही, शाळेत जायचा नाही, देश सोडायचा तर नाहीच नाही. हा श्लेष मूळ इंग्रजीत नाही. तो फक्त मराठी वाचकाला दिसतो, आणि माझ्या मते मराठी वाचकाने या पुस्तकांकडे कसं बघावं याची किल्लीही त्यातच आहे.

पॉडकास्टच्या भागात आपण 'देश सोडून पळणारी मुलं आणि किशोरसाहित्य' या विषयावर बोललो, तेव्हा बराच वेळ आकडे आणि कायदे यांतच गेला. पुस्तकांवर सलग बोलायचं राहिलं. ते इथे करतो. पुस्तकं मोजकीच घेतली आहेत आणि ती सगळी कॅनडाशी जोडलेली आहेत. त्यातली तीन तर मॉन्ट्रियलच्याच प्रकाशकांची.

डेबोरा एलिस आणि न येणारा कॅनडा

डेबोरा एलिस ओंटारिओची लेखिका. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पाकिस्तानातल्या अफगाण निर्वासितांच्या छावण्यांमध्ये गेली, तिथल्या बायकांशी आणि मुलींशी बोलली, आणि २००० साली 'द ब्रेडविनर' आली. २००२ आणि २००३ मध्ये पुढचे दोन भाग आले. या तिन्ही पुस्तकांचा मराठी अनुवाद अपर्णा वेलणकर यांनी केला: 'द ब्रेडविनर', 'परवाना' आणि 'शौझिया'. इंग्रजीत दुसऱ्या भागाच्या नावात 'प्रवास' होता आणि तिसऱ्या भागाचं नाव मातीच्या शहरावरून होतं. मराठीत प्रवास गेला, शहरही गेलं आणि दोन मुलींची नावं तेवढी उरली. बदल छोटा असला तरी मला तो पटतो, कारण निर्वासितांच्या गोष्टीत आधी हरवतं ते नावच. 'लाटा', 'लोंढे', 'आकडे' उरतात. मराठी मुखपृष्ठावर मुली उरल्या.

गोष्ट थोडक्यात अशी. काबूलमध्ये तालिबानचं राज्य. अकरा वर्षांच्या परवानाच्या वडिलांना उचलून नेतात. घरात कमावणारं कुणी नाही आणि बायकांनी एकट्याने बाहेर पडायची सोय नाही. मग परवानाचे केस कापतात, तिला मुलाचे कपडे घालतात, आणि ती बाजारात बसून लोकांची पत्रं वाचून द्यायला लागते. तिथेच तिला शौझिया भेटते. तीसुद्धा मुलाच्या वेशात, चहा विकणारी. दोघी मिळून काय काय करतात ते वाचाच. कबरस्तानातली हाडं उकरून विकण्याचा भाग मी अजून विसरलेलो नाही.

यातला एक तपशील आपण घाईत वाचून पुढे जातो. परवानाचे वडील इंग्लंडमध्ये शिकलेले आहेत. म्हणजे एके काळी त्यांच्याकडे सगळं होतं: प्रवेशपत्र, व्हिसा, परतीचं तिकीट. ते शिकले, परत आले, इतिहास शिकवू लागले. आज मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल किंवा कॉन्कॉर्डियाचं स्टडी परमिट खिशात घेऊन फिरणारा मराठी मुलगा आणि परवानाचे वडील यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. फरक पडतो तो एका पिढीने. वडिलांकडे परवाना होता, मुलीकडे फक्त ते नाव आहे.

एलिसने हा मुद्दा ठळक केलेला नाही, एखाद्या परिच्छेदात सांगून ती पुढे जाते. पण परदेशात शिकणाऱ्या वाचकासाठी पुस्तकाचा खरा धक्का इथेच आहे. 'विद्यार्थी' आणि 'निर्वासित' ही दोन वेगळ्या जातीची माणसं नसतात. ती एकाच घरातली असू शकतात.

किशोरांसाठी लिहिलेल्या पलायनाच्या गोष्टींचा एक ठरलेला साचा आहे. आधी घर, मग वाट, मग पोहोचणं. घर सुंदर असतं, वाट भयंकर असते आणि पोहोचणं म्हणजे शेवट. शेवटच्या पानावर बर्फ पडत असतो, शाळेतली कुणीतरी मुलगी हात पुढे करते, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटतो. बहुतेक वेळा हे पोहोचण्याचं ठिकाण म्हणजे वाचकाचाच देश असतो. म्हणजे गोष्ट पळणाऱ्या मुलाची आणि शाबासकी वाचकाच्या देशाला.

एलिस कॅनडाची असूनही या तीन पुस्तकांत हे करत नाही. कुणीही कॅनडात पोहोचत नाही. 'परवाना'मध्ये वडील वारलेले आहेत आणि मुलगी एकटी चालते आहे. वाटेत तिला बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या गावात एक तान्हं बाळ सापडतं, गुहेत एक पाय गमावलेला आसिफ सापडतो, सुरुंग पेरलेल्या शेताच्या कडेला राहणारी लैला सापडते. लैलाची समजूत असते की सुरुंग आपल्याला काही करणार नाहीत. आकाशातून अन्नाची पाकिटं पडतात ती नेमकी सुरुंग पेरलेल्या जागेत, आणि ती आणायला गेलेली लैला मरते. मदत आणि मरण एकाच दिशेने येतात. हे अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला सांगायचं की नाही, यावर पालक वाद घालतील. मला वाटतं सांगावं, आणि एलिसने सांगितलंय तसंच सांगावं: विशेषणं न लावता.

शौझियाचा शेवट

तिसऱ्या भागाशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते मांडतो.

शौझिया पेशावरजवळच्या छावणीत आहे. तिच्याकडे मासिकातून कापलेलं एक चित्र आहे, फ्रान्समधल्या लव्हेंडरच्या शेताचं. तिला समुद्रापर्यंत जायचंय, बोटीत बसायचंय, फ्रान्स गाठायचंय. वीस वर्षांनी पॅरिसला आयफेल टॉवरवर भेटायचं, असं तिने आणि परवानाने ठरवलेलं आहे. ती छावणी सोडते, शहरात पडेल ते काम करते, कचरा वेचते, तुरुंगात जाते. एक अमेरिकन कुटुंब तिला घरी आणतं. घरात कुणी नसताना ती रस्त्यावरच्या भुकेल्यांना आत घेते, घरातलं अन्न आणि वस्तू वाटून टाकते. कुटुंब तिला परत छावणीत सोडून येतं.

हे प्रकरण सगळ्या मालिकेत उजवं आहे. त्यात कुणी दुष्ट नाही. कुटुंब खरंच प्रेमळ आहे, फक्त त्यांचं प्रेम एका मुलीपुरतं आहे. शौझियाला ते कळत नाही, कारण तिच्या मते घर उघडलं की सगळ्यांसाठी उघडलं. कॅनडातल्या 'स्पॉन्सर' पद्धतीवर, म्हणजे काही नागरिकांनी मिळून एखाद्या निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेण्याच्या पद्धतीवर, याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. आणि ती टीका त्या पद्धतीचं नावही न घेता होते.

पण शेवट? शौझिया शेवटी समुद्राचा नाद तूर्त सोडते आणि वीराबाईंबरोबर सीमा ओलांडून अफगाणिस्तानात, युद्धात होरपळणाऱ्यांच्या मदतीला परत जाते. समुद्र थांबू शकतो, असं तिला वाटतं. वाचताना डोळे भरून येतात. नंतर प्रश्न पडतो. टोरोंटोत छापलेल्या, कॅनडातल्या शाळांत वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात निर्वासित मुलीने स्वतःहून मागे वळणं हे आपल्याला इतकं भावतं का? तिचं उदात्त होणं आपल्या सोयीचं तर नाही? लव्हेंडरचं शेत बघायची इच्छा ही स्वार्थी इच्छा नव्हती. ती चौदा वर्षांच्या मुलीची साधी इच्छा होती. आपल्यापैकी कितीतरी जण याहून लहान कारणासाठी विमानात बसलो.

एलिसच्या बाजूनेही बोलायला हवं. तिने शौझियाला फ्रान्सला पोहोचवलं असतं तर ती परीकथा झाली असती, कारण छावणीतल्या बहुसंख्य मुलांना ते शेत दिसत नाहीच. शिवाय ती गोष्ट तिथे संपवून मोकळी झाली नाही. २०१२ साली चौथा भाग आला. त्यात परवाना अमेरिकन सैन्याच्या तळावर कैदेत आहे आणि एक शब्दही बोलत नाही. २०२२ मध्ये आणखी एक भाग आला, २०२१ साली तालिबान परतल्यानंतरचा. वीस वर्षं एका गोष्टीकडे परत परत येणं म्हणजे ती संपलेली नाही हे कबूल करणं. पुस्तकांच्या मानधनाचा मोठा वाटाही तिने अफगाण स्त्रियांच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. तरीही शौझियाच्या शेवटाबद्दलचा माझा प्रश्न मिटत नाही.

हायतीचा अलेक्सी, राफाएलचा मुलगा

आता मॉन्ट्रियलकडे येऊ. तुम्ही इथे लहानपणी आला असाल तर १९७७ च्या १०१व्या कायद्यामुळे बहुधा फ्रेंच शाळेत गेला असाल, आणि त्याआधी 'क्लास दाक्युय' म्हणजे स्वागतवर्गात बसला असाल. एका बाकावर हायतीची मुलगी, मागे सीरियाचा मुलगा, आणि मधे तुम्ही, डब्यात पोळी-भाजी. या वर्गातल्या मुलांच्या शेजारच्या बाकावरची गोष्ट मारी-सेली आन्यांने लिहिली. पोर्तोप्रँसमध्ये जन्मलेली ही लेखिका १९७० पासून मॉन्ट्रियलमध्ये आहे. कादंबऱ्या, कविता, मुलांसाठीची पुस्तकं असं तिचं बरंच लेखन आहे. 'अलेक्सी दायती' १९९९ साली आलं आणि लगेच पुढच्या वर्षी 'अलेक्सी, फिस द राफाएल'. दोन्ही मॉन्ट्रियलच्या हर्त्युबीज प्रकाशनाची.

पहिल्या पुस्तकात वडिलांना सैनिक पकडून नेतात आणि मुलगा आईबरोबर समुद्रमार्गे पळतो. मला इथे फक्त नावांबद्दल बोलायचंय, कारण दोन नावं एकापुढे एक ठेवली की सगळा मुद्दा त्यात दिसतो. पहिलं नाव 'हायतीचा अलेक्सी', दुसरं 'राफाएलचा मुलगा अलेक्सी'.

हायतीत राहणाऱ्या मुलाला कुणी 'हायतीचा' म्हणत नाही. देशाचं नाव आपल्या नावाला चिकटतं ते देश सुटल्यावर. कोल्हापुरात तुम्ही फक्त अमुक असता. पुण्यात 'कोल्हापूरचा', दिल्लीत 'मराठी' आणि मॉन्ट्रियलमध्ये 'इंडियन'. प्रत्येक पायरीला नाव मोठं होतं आणि माणूस पुसट होतो. दुसऱ्या पुस्तकाचं नाव याला उत्तर देतं. मुलगा एका देशाचा नमुना नाही, तो एका माणसाचा मुलगा आहे, आणि तो माणूस मागे राहिला आहे.

मराठी वाचकाला हे समजवायला लागत नाही. आपल्या नावात वडील मधे बसलेलेच असतात. इथल्या फॉर्मवर तेच नाव कधी 'मिडल नेम' होतं, कधी पहिल्या नावाला जोडून येतं, कधी गळून जातं. आपल्यासाठी ती कारकुनी कटकट असते, जास्तीत जास्त एक प्रतिज्ञापत्र करावं लागतं. अलेक्सीसाठी वडिलांचं नाव लावणं हे वडील आहेत असं म्हणत राहणं आहे.

फुग्यात बसून गेलेली आझादा

तिसरं पुस्तक चित्रांचं. जाक गोल्डस्टीन हा मॉन्ट्रियलचा व्यंगचित्रकार. 'आझादा' २०१६ साली मॉन्ट्रियलच्याच ला पास्तेक प्रकाशनाने काढलं. ४ एप्रिल २०१४ रोजी अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या जर्मन छायाचित्रकार आन्या नीडरिंगहाउस हिची आठवण या पुस्तकामागे आहे.

आझादाची मैत्रीण आन्या फोटो काढायचं काम संपवून परत निघाली आहे. आझादालाही तिच्याबरोबर जायचंय. पुस्तकं, संग्रहालयं, शिक्षण, जग, सगळं बघायचंय. आन्या तिला नेऊ शकत नाही. निघताना ती आपली बॅग मागे ठेवून जाते. त्या बॅगेतल्या वस्तूंपासून आझादा हवेत उडणारा फुगा तयार करते आणि निघून जाते.

पाच मिनिटांत वाचून होतं. मग विचार सुरू होतो. आझाद म्हणजे मोकळा, हे सांगायला आपल्याला कोश लागत नाही. इथल्या लहान मुलाला हा शेवट आनंदाचा वाटेल. पण मोठ्या वाचकाने विचारावं: फुगाच का? विमान का नाही, बस का नाही? कारण वास्तवात या मुलीसाठी यातलं काहीच नाही. तिच्यासाठी व्हिसाची खिडकी नाही, रांग नाही, अर्ज नाही. चित्रकाराला तिला सोडवायचंच होतं, आणि कायदेशीर वाट सापडेना म्हणून त्याने आकाशातून वाट काढली. परीकथा तिथेच लागते जिथे कायदा संपतो. छायाचित्रकार बाई परत जाऊ शकते, तिच्या फोटोतली मुलगी जाऊ शकत नाही. फोटोलासुद्धा परवाना मिळतो, मुलीला मिळत नाही.

'आम्ही रांगेतून आलो'

हे सगळं आपल्याला का लागू आहे ते आता सांगतो.

इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. पहिलं: 'आम्हीही घरदार सोडून आलो, आम्हीही एक प्रकारे निर्वासितच.' दुसरं: 'आम्ही कायद्याने, रांगेत उभे राहून आलो, हे लोक मधेच घुसतात.' दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच संध्याकाळी बोलू शकतो. पहिल्याला थोडं मिरवायचं असतं, दुसऱ्याला थोडं दूर राहायचं असतं.

पहिलं वाक्य मराठी भाषाच खोडून काढते. 'निर्वासित' या शब्दात काय हिरावलं गेलं ते आहे: वास गेला, म्हणजे राहण्याची जागा गेली. हिंदीतला 'शरणार्थी' आणि इथल्या सरकारी फ्रेंचमधला 'आश्रय मागणारा' हे शब्द तो माणूस काय मागतोय तेवढं सांगतात. ज्याला दर दिवाळीला घराच्या भाड्याची चिंता असते पण पुण्यातल्या घराची किल्ली शाबूत असते, तो निर्वासित नाही. घरची आठवण येणं खरं आहे, तिला दुसऱ्याचं नाव द्यायची गरज नाही. आपल्याकडच्या साहसकथाही बहुतेक किल्ली शाबूत असलेल्या मुलांच्याच आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुठेही उडी घेऊ शकतो, कारण फुरसुंगी जागच्या जागी आहे.

दुसरं वाक्य जास्त धोक्याचं आहे. रांग सगळ्यांसाठी असते असं ते गृहीत धरतं. मॉन्ट्रियलहून गाडीने तासाभराच्या अंतरावर रॉक्सम रोड आहे. कॅनडा-अमेरिकेतला जो करार २००४ च्या अखेरीस लागू झाला, त्यानुसार अमेरिकेतून अधिकृत नाक्यावर येऊन आश्रय मागणाऱ्याला बहुतेक वेळा परत पाठवलं जायचं. तो करार नाक्यांपुरता होता, म्हणून लोक नाका सोडून या गल्लीतून यायला लागले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इतके लोक आले, त्यातले बरेच हायतीचे, की ऑलिंपिक स्टेडियममध्ये खाटा टाकाव्या लागल्या. २०२२ मध्ये क्युबेकमध्ये अशा वाटेने सुमारे ३९ हजार माणसं आली. २५ मार्च २०२३ ला करार सगळ्या सीमेला लागू झाला आणि गल्ली बंद झाली. म्हणजे नियम पाळून नाक्यावर गेलेला परत जात होता, आणि गल्लीतून आलेल्याची निदान सुनावणी होत होती. 'रांगेत या' हे सांगणं सोपं आहे, पण रांग कुठे आहे ते दाखवावं लागतं.

अलेक्सी, आझादा आणि परवाना यांच्या गोष्टी नेमकं हेच दाखवतात, आणि कुठल्याही भाषणापेक्षा नीट दाखवतात.

वळिवडे ते मॉन्ट्रियल

शेवटी एक गोष्ट, जी कुणीतरी मराठीत किशोरांसाठी कादंबरी म्हणून लिहायलाच हवी.

१९४० पासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना घराबाहेर काढून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवलं. १९४१ मध्ये राजकारण पालटल्यावर त्यातले काही सुटले आणि इराणमार्गे बाहेर पडले. त्यातल्या सुमारे पाच हजारांसाठी १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. तिथे पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट होते, नाटकं होत. १९४८ पर्यंत ही छावणी चालली. अनेकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांचं घर जिथे होतं तो भागच पोलंडमध्ये उरला नव्हता. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. आज तिथे गांधीनगर आहे. कोल्हापूरकर लग्नाचं कापड घ्यायला जातात ते गांधीनगर.

त्याच प्रवासातल्या मुलांची दुसरी फांदी पूर्व आफ्रिकेत, टांगानिकामधल्या टेंगेरूच्या छावणीत गेली. तिथल्या शंभराहून अधिक पोलिश अनाथ मुलांना १९४९ मध्ये मॉन्ट्रियलच्या आर्चबिशपांच्या पुढाकाराने कॅनडात आणलं गेलं. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने मुलं पळवल्याचा आरोप केला. मुलं कुणाची, यावर मोठी माणसं भांडत राहिली.

म्हणजे सैबेरियातल्या एकाच बराकीतून निघालेल्या दोन मुलींपैकी एक पंचगंगेच्या काठी आणि दुसरी सेंट लॉरेन्सच्या काठी वाढली असणं अशक्य नाही. त्या दोघींची गोष्ट लिहायला मराठी आणि मॉन्ट्रियल दोन्ही माहीत असलेलं कुणीतरी लागेल. असे लोक हे वाचत आहेत, म्हणून इथे लिहून ठेवतो. लिहिताना एवढंच सांभाळा: शेवटच्या पानावर कोल्हापूरला किंवा कॅनडाला शाबासकी देऊ नका. मुलींना त्यांची नावं द्या, वडिलांच्या नावासकट.

तोवर, धाकट्या भावंडांना काय द्यायचं? सहा-सात वर्षांच्या मुलाला 'आझादा', आणि फुगाच का हे त्याला विचारू द्या. अकरा-बाराच्या मुलीला 'परवाना', शक्यतो मराठीतून, म्हणजे मुखपृष्ठावरचा शब्द बघून ती विचारेल, 'परवाना म्हणजे परमिट ना?' तिला हो म्हणा आणि पुस्तक वाचू द्या. तिच्याकडे तो आहे आणि त्या मुलीकडे नाही, हे तिचं तिला कळेल.